मेल कॅलिफोर्नियातून आला, म्हणजे जोश्यांच्या मुलानेच केला!

गेल्या महिन्यातला रविवार. पोह्यांवर नुकतं लिंबू पिळलं होतं, तेवढ्यात आमच्या सोसायटीचे अध्यक्ष काका लॅपटॉप काखोटीला मारून दारात हजर. मागे खजिनदार. चपला काढता काढताच काका म्हणाले, "तू ते नेटवर्कचं करतोस ना? हा मेल कोणी पाठवला तेवढं सांग. पाच मिनिटांचं काम आहे."

मेल सगळ्या सभासदांना गेला होता. पाठवणाऱ्याचं नाव 'जागरूक सभासद', पत्ता जीमेलचा, आणि मजकूर असा की रंगकामाच्या कंत्राटात कमिटीने हात मारला. काका रात्रभर झोपले नव्हते. त्यांनी मेलचा हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी आणि एरवी न दिसणारी तांत्रिक माहिती, कॉपी करून कुठल्याशा 'ट्रेस' करून देणाऱ्या साइटवर टाकला होता आणि त्याची प्रिंटही काढून आणली होती. त्यावर लाल पेनाने गोल: माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया.

"सी विंगमधल्या जोश्यांचा मुलगा कुठे असतो?" काकांनी विचारलं. कॅलिफोर्नियात असतो. "आणि मागच्या सभेत कोटेशनवरून कोण बोललं होतं?" जोशीच बोलले होते. खजिनदारांनी मान डोलावली. खटला संपला होता, आता फक्त माझी सही हवी होती.

मी त्यांना सांगितलं, काका, माउंटन व्ह्यूला गूगलचं मुख्यालय आहे. तुम्ही जो आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, शोधलात तो गूगलच्या सर्व्हरचा. हा मेल शेजारच्या खोलीतून आमच्या हिने जीमेलवर लिहिला असता तरी हीच प्रिंट निघाली असती.

काकांचा विश्वास बसेना. मग मी तिथल्या तिथे माझ्या फोनवरून त्यांना जीमेलने मेल टाकला आणि त्याचा हेडर उघडून दाखवला. हेडरमध्ये 'रिसीव्ड' अशा ओळी असतात. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून पुढे सरकतो तो आपली ओळ वर चिकटवतो, म्हणून वाचायचं खालून वर. पूर्वी काही मेलसेवा पाठवणाऱ्याच्या कनेक्शनचा आयपीही त्यात टाकायच्या. जीमेल आपल्या साइटवरून किंवा ॲपवरून गेलेल्या मेलमध्ये तो टाकत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाचं तर बोलायलाच नको. पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून कोणीही काहीही खरडू शकतो, तसंच ते. माझाही मेल कॅलिफोर्नियातूनच 'आला'. काका प्रिंटकडे बघत राहिले. पोहे गार.

गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण ही चूक फक्त काकांची नाही. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की आयपी मिळाला म्हणजे माणूस मिळाला. सिनेमात स्क्रीनवर लाल ठिपका लुकलुकतो आणि पुढच्या सीनला पोलीस दार तोडतात. माझं वीस वर्षांचं काम सांगतं की आयपी तुम्हाला फार तर एका कनेक्शनपर्यंत नेतो. कनेक्शनचं बिल कोणाच्या तरी नावावर असतं. कीबोर्डवर बोटं कोणाची होती, हे बिलावर छापलेलं नसतं.

याची किंमत आपल्या पुण्यानेच पाहिलीय. २००७ साली ऑर्कुटवर, म्हणजे फेसबुकसारख्याच तेव्हाच्या एका साइटवर, शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी मिळवला, त्या आयपीचा ग्राहक कोण हे टेलिकॉम कंपनीला विचारलं, आणि कंपनीने चुकीच्या माणसाचं नाव दिलं. बंगळुरूच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरला त्याच्या घरातून उचलून आणलं. तो ५० दिवस कोठडीत होता. त्याचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता. महाराजांचा अपमान करणारा माणूस म्हणून येरवड्यात दिवस काढणं कसं असेल, याचा विचार करा.

पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००८ला, अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने मेल आला. तपास पोचला नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटमध्ये. इथे कंपनीने पत्ता बरोबर दिला होता, कनेक्शनही त्यांचंच होतं. पण मेल दुसऱ्याच कोणी त्यांचं वायफाय वापरून पाठवला होता. त्यानंतरचे तसलेच मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. म्हणजे एकदा पत्ता चुकीचा होता म्हणून भलता माणूस अडकला, आणि एकदा पत्ता अगदी बरोबर असूनही.

आणि ते नकाशे! आयपीवरून गाव दाखवणाऱ्या साइट्स ज्या यादीवर चालतात ती बरीचशी अंदाजपंचे असते. अमेरिकेतल्या मॅक्समाइंड या कंपनीला ज्या आयपींचा 'अमेरिका' यापलीकडे ठावठिकाणा नव्हता, ते सगळे तिने देशाच्या साधारण मध्यावरच्या एका बिंदूवर टाकले. असे ६० कोटींवर आयपी. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतावर. तिथल्या लोकांकडे वर्षानुवर्षं पोलीस, करवाले, फसवले गेलेले लोक यायचे. एकाने तर फुटका कमोड आणून अंगणात टाकला. २०१६ साली हे छापून आलं तेव्हा कुठे कंपनीने तो बिंदू हलवून एका तळ्यात नेला.

आपल्याकडे तर आणखी वेगळी भानगड. जुन्या पद्धतीचे आयपी जगात साधारण ४३० कोटीच, त्यामुळे मोबाइल कंपन्या एक आयपी एका वेळी ढीगभर ग्राहकांना वाटून देतात. चाळीसारखं समजा. पत्ता एकच, खोल्या अनेक. खोली क्रमांक म्हणजे पोर्ट नंबर. नुसता आयपी घेऊन कंपनीकडे जाणं म्हणजे चाळीच्या दारात उभं राहून "इथे राहणारा तो" म्हणून हाक मारणं. पोर्ट हवा आणि वेळ हवी, तीही सेकंदापर्यंत. त्यात लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं गेलं याची नोंद, बऱ्याचदा जागतिक वेळेत असतो, आपण साडेपाच तास पुढे. कोणी ते साडेपाच तास मिळवायला विसरला की रात्री नऊला मेल करणाऱ्याऐवजी दुपारी साडेतीनला ऑनलाइन असलेला सापडतो.

माणूस सापडतच नाही असं नाही हं. २०१२ साली एफबीआयने धमकीवजा निनावी मेल कोणी केले ते शोधलंच. पण कसं? वेगवेगळ्या शहरांतल्या हॉटेलांच्या आयपींवरून लॉगिन झालेलं दिसलं, मग त्या त्या तारखांच्या पाहुण्यांच्या याद्या जुळवल्या आणि सगळीकडे येणारं एकच नाव काढलं. त्या बाईशी असलेले संबंध त्यातूनच उघड झाले आणि अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड पेट्रेअस यांना राजीनामा द्यावा लागला. आयपी तिथे फक्त सुरुवात होती, खरं काम केलं रजिस्टरांनी.

आणि ते काम पोलिसांचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली, म्हणजे पूर्वीच्या सीआरपीसी ९१खाली, ते कंपन्यांकडून माहिती मागवू शकतात. अध्यक्षांना तो अधिकार नाही, मला नाही आणि 'एका क्लिकमध्ये पत्ता' विकणाऱ्या साइटला तर मुळीच नाही. (ऑनलाइन पैसे गेले असतील तर ट्रेसच्या नादाला न लागता आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. तिथे मिनिटं मोजली जातात.)

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "म्हणजे जोशीही असू शकतात." असू शकतात, मी म्हटलं. तुम्हीही असू शकता. खजिनदार पहिल्यांदाच हसले.

मेल कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. मात्र तीन रंगाऱ्यांची कोटेशनं नोटीस बोर्डावर लागली. ती वाचायला परवा क्लबहाउसमध्ये गेलो. शेजारीच क्लबहाउसच्या वायफायचा पासवर्ड जाड मार्करने लिहिलेला, एक ते आठ आकडे ओळीने. मी काकांना फोन करून विचारलं, हे कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हो?

"माझ्याच," काका म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी पासवर्डचा कागद काढलेला होता.