आठवण कसली करून देता, कॅलेंडर मोकळं करा

‘अ‍ॅपने दर तासाला ब्रेकची आठवण करून द्यावी’ ही ऑफिसातला ताण कमी करणाऱ्या अ‍ॅपसाठीची कल्पना काही पटली नाही. मीटिंगच्या मध्येच वाजलेली सूचना माणूस न वाचताच सरकवतो आणि चार दिवसांत नोटिफिकेशनच बंद करून टाकतो. त्यापेक्षा अ‍ॅपने कॅलेंडरला हात घालावा: ३० मिनिटांची मीटिंग आपोआप २५ ची, तासाची ५० ची. रात्री लिहिलेला मेसेज समोरच्याच्या टाइमझोनप्रमाणे सकाळी ९ ला जावा. तातडीचा असेल तर पाठवणाऱ्याने मुद्दाम वेगळं बटण दाबावं.

आणि त्याच अ‍ॅपमधला, कर्मचाऱ्यांना रोजचा मूड विचारणारा तो प्रश्न! उत्तर मॅनेजरला दिसतं अशी नुसती शंका आली, तरी सगळे ‘छान’वर टिचकी मारून मोकळे होतात. पाचपेक्षा कमी जणांच्या टीमच्या मूडची सरासरी दाखवूच नये. तिघांत वैतागलेला कोण, हे ओळखायला कितीसा वेळ लागतो?