क्लच ‘गेला’ म्हणण्याआधी : मोबाइलवर फिरणाऱ्या पाच सल्ल्यांना उत्तर

इंदूरच्या मराठी घरांत जुन्या हीरो होंडा स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, यामाहा आरएक्स हंड्रेड अजून रोजच्या वापरात आहेत. या गाड्या ठेवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज वारंवार येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : रेस चढते पण गाडी ओढत नाही म्हणजे क्लच गेला, पूर्ण सेट बदला. खर्च नको असेल तर क्लच वायर ताठ करा. स्प्रिंगांखाली वॉशर घाला आणि प्लेटा पॉलिश पेपरने घासा. कारचं भारी सिंथेटिक ऑइल टाका. आणि क्लच चिकटला असेल तर इंजिनात डिझेल ओतून दहा मिनिटं चालवा.

यातला वॉशरचा सल्ला थोडे दिवस लागू पडतो, म्हणूनच बाकीच्यांवरही विश्वास बसतो. एकेक बघू.

“गाडी ओढत नाही म्हणजे क्लच गेला.” आधी क्लच सटकतोय हे सिद्ध करा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चाळिसाच्या वेगाला मूठ एकदम पिळा. इंजिनाचा आवाज झपकन वर गेला आणि काटा जागचा हलला नाही, तर क्लच स्लिप होतोय. आवाजच चढला नाही, तर क्लचला हात लावू नका. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा, ब्रेक धरून बसला असेल तर लगेच कळेल. तसं नसेल तर एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि कॉम्प्रेशन बघा. आवाज चढतो पण ‘खट्ट’ असा झटका बसतो, तेव्हा चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवरून उडी मारतेय.

स्प्लेंडरसारख्या, न्यूट्रलमध्येच किकने सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते. त्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनापर्यंत जातो. त्यामुळे क्लच फार झिजला की किक मऊ खाली जाते आणि इंजिन फिरत नाही. किकचे दाते गेले तरी असंच वाटतं. फरक ओळखायचा तर क्लचची लिव्हर दाबून तिसरा गिअर टाका, गाडी ढकला आणि लिव्हर सोडा. इंजिन फिरलं तर दोष किकचा, चाक नुसतंच फिरत राहिलं तर क्लचचा.

आणि क्लच बिघडतो तो दोन्ही बाजूंनी. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर धाडकन पडतो, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, हा स्लिपचा उलटा दोष आहे : क्लच नीट सुटत नाही. त्याचं कारण ढिली वायर, वाकलेल्या स्टील प्लेटा किंवा क्लच आउटरला (प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याला) पडलेल्या खाचा. इथे स्प्रिंगा कडक केल्या तर दुखणं वाढेल.

“वायर ताठ करा, क्लच घट्ट धरेल.” हे नेमकं उलटं आहे. क्लच धरतात त्या स्प्रिंगा. वायर फक्त तो सोडवते. वायर ताठ केली म्हणजे लिव्हर सतत किंचित दाबून ठेवल्यासारखी होते. प्लेटा अर्धवट सुटतात, तापतात, जळतात, आणि रिलीजच्या (क्लच सोडवणाऱ्या) बेअरिंगवर कायम भार राहतो. पुष्कळ ‘गेलेले’ क्लच नुसता प्ले (लिव्हरची मोकळी हालचाल) दिल्याने बरे होतात. स्प्लेंडरला लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. मोजताना इंजिन थंड असू द्या आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर प्ले संपत असेल तर वायर चुकीच्या वाटेने गेली आहे. मोठं अ‍ॅडजस्टमेंट इंजिनाकडच्या नटाने करा. लिव्हरजवळचा स्क्रू बारीक फरकासाठी आहे, त्याचे आटे निम्मे बाहेर आले की तो डुगडुगतो.

हा प्ले निदानही सांगतो, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. प्लेटा झिजतात तशी त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट रिलीजच्या दिशेने सरकते, म्हणून प्ले आपोआप कमी होत जातो. वायर ताणली गेली किंवा तिची तार आतून उसवायला लागली, तर प्ले वाढत जातो. दर पंधरवड्याला प्ले द्यावा लागतोय? तर प्लेटा संपत आल्या. दर पंधरवड्याला तो काढावा लागतोय? तर वायरचं लिव्हरकडचं टोक बाहेर काढून बघा. एखादी तार तुटून उभी राहिली असेल तर आजच बदला.

“वॉशर घाला आणि प्लेटा घासा.” समजा चार प्लेटा आहेत आणि प्रत्येक ०.३ मिमी झिजली. म्हणजे सगळी थप्पी १.२ मिमी बारीक झाली, आणि स्प्रिंग तेवढी सैल पडली. तिथे एक मिमीचा वॉशर घातला की दाब परत येतो आणि गाडी चढ चढते. पण झिजलेलं मटेरियल परत येत नाही. उरलेला पातळ थर त्या दाबाखाली सुटतो, त्याचे कण तेलात मिसळतात आणि तळाच्या जाळीत अडकतात. तिथून पुढे इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, तेल कमी पडू लागतं. ज्या गाडीच्या प्लेटा झिजलेल्याच नाहीत तिथे वॉशर घातला, तर लिव्हर जड होते आणि स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकून क्लच पूर्ण सुटेनासा होतो.

घासण्याबद्दल : फ्रिक्शन प्लेटेवर (घर्षणाचा थर असलेल्या प्लेटेवर) पॉलिश पेपर मारला की त्याची वाळू मटेरियलमध्ये रुतते आणि स्टील प्लेटा ओरबाडते. जाडी तर आणखी घटते. काचेसारखी चकचकीत झालेली स्टील प्लेट मात्र सपाट काचेवर बारीक पेपर ठेवून हलकी घासता येते. नंतर रॉकेलने धुवायची.

खरं काम असं. तेल काढा, उजवं कव्हर उघडा (जुन्या बुलेटचा क्लच डावीकडे, चेनकेसमध्ये). स्प्रिंगांचे बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे सोडा. प्रत्येक फ्रिक्शन प्लेटेची जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) तीन-चार ठिकाणी मोजा. या छोट्या इंजिनांत नवी प्लेट साधारण ३ मिमीची असते आणि २.६च्या आसपास ती बाद होते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. स्टील प्लेट काचेवर ठेवून कडेखाली ०.२० मिमीची फीलर पट्टी सरकवा. गेली तर प्लेट वाकली. निळसर-जांभळे डाग दिसले तर ती भाजली आहे, ठेवू नका. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा, आणि एकही कमी भरली तर पूर्ण संच बदला. क्लच आउटरच्या खाचांत नख अडकतं का पाहा. हलकी खाच कानशीने सारखी होते, खोल असेल तर आउटर बदलावं लागतं.

छोटी ग्वालटोलीतल्या पार्टच्या दुकानांतून प्लेटा आणाल तेव्हा व्हर्नियर खिशात ठेवा. एकाच पाकिटातल्या प्लेटांची जाडी एकसारखी हवी. नव्या प्लेटा कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला जळतात. त्या इंजिन ऑइलमध्ये किमान तासभर, जमल्यास रात्रभर बुडवून ठेवा. ६ मिमीचे बोल्ट १० ते १२ न्यूटन-मीटरपर्यंतच, तेही तिरप्या क्रमाने. जास्त पिळले तर अ‍ॅल्युमिनियमचा खुंट मोडतो आणि दोनशेच्या कामाचे दोन हजार होतात. कव्हर उघडलंच आहे तर तळाची जाळी धुवा आणि पॅकिंग नवं घाला.

“कारचं सिंथेटिक ऑइल टाका.” सिंथेटिक असण्यात काही वाईट नाही. वाईट आहे ते कारच्या बऱ्याच पातळ तेलांतलं घर्षण कमी करणारं रसायन. स्प्लेंडरचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि घर्षणावरच चालतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचं जपानी मानक) बघा. ‘एमबी’ गिअरलेस स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो. ऑइल बदलल्यापासूनच स्लिप सुरू झाली असेल, तर प्लेटा बदलण्याआधी योग्य तेल घालून दोनदा बदलून पाहा. कित्येकदा तेवढ्याने भागतं. आरएक्स हंड्रेडचं टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, क्लचपर्यंत पोहोचत नाही, तिथे गिअरबॉक्सचं तेल बघायचं.

“डिझेल ओता.” नको. पातळ झालेलं तेल बेअरिंग आणि कॅमशाफ्टला वाचवू शकत नाही, ते खराब व्हायला दहा मिनिटं पुरतात. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी चिकटली असेल तर लिव्हर हँडलला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने बांधून रात्रभर ठेवा. सकाळी इंजिन न्यूट्रलमध्ये गरम करून बंद करा. मग तिसरा गिअर टाका, लिव्हर दाबलेलीच ठेवून गाडी मागेपुढे हिसडा. ‘टक्’ असा आवाज होऊन चाक मोकळं झालं की प्लेटा सुटल्या.

नव्या प्लेटांवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर राजवाड्याच्या गर्दीत अर्धा क्लच धरून रांगू नका, आणि खंडवा रोडवरच्या भेरूघाटात ट्रकमागे क्लचवर गाडी तोलण्यापेक्षा थांबून पहिला गिअर टाका. त्यानंतर प्ले पुन्हा मोजा. प्लेटा बसल्याने तो थोडा कमी झालेला असेल, तेवढाच परत द्या.