आतलं बाहेर काढलेली घरं

1875 साली न्यूझीलंडमधल्या फाकाताने इथे 'माताआतुआ' नावाचं माओरी सभाघर उभं राहिलं. आपण सभाघर म्हणतो, पण माओरींच्या लेखी ते एका पूर्वजाचं शरीर असतं. आढं हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या तिरप्या फळ्या म्हणजे पाहुण्याला कवेत घेणारे हात. आतल्या भिंतींवर कोरलेले पूर्वज, म्हणजे आत शिरणारा माणूस त्यांच्या कुशीत शिरतो. चार वर्षांनी सरकारने हे घर सुटं करून सिडनीच्या प्रदर्शनाला पाठवलं. तिथे ते उलटं उभारलं गेलं. कोरीवकाम बाहेरच्या अंगाला, ऊनपावसात. बघणाऱ्याला आत शिरायचीही गरज उरली नाही. पुढे लंडन, मग ड्युनेडिनच्या संग्रहालयात कित्येक दशकं. 1996मध्ये ते न्गाती आवा जमातीला परत मिळालं आणि 2011मध्ये मूळ गावी पुन्हा उघडलं.

मी ऑकलंडमध्ये इमारतींच्या ध्वनिरचनेचं काम करतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या सरकारी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर वारली चित्रं रंगवल्याचे फोटो आले की मला हे उलटं घर आठवतं. वारल्यांचा लग्नाचा चौक घराच्या आतल्या भिंतीवर असतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने तो काढतात, मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी गाते. त्या गाण्यांशिवाय नि त्या बायकांच्या हाताशिवाय चौकाला अर्थ नाही. लग्न उरकलं की तो हळूहळू पुसट होतो, पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते. आपण काय केलं? तो बाहेर आणला, ॲक्रिलिकने पक्का केला, गाणं वगळलं. 2014मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याआधी जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली, या आनंदाच्याच गोष्टी. पण चौकासाठी घर बांधायचं असेल तर वास्तुविशारदाने सगळ्यात आधी एक भिंत कोरी ठेवायला हवी, सारवता येईल अशी. कोऱ्या भिंतीचं उद्घाटन करायला मात्र कुणी येत नाही.

आदिवासी वास्तूंवरचा आपला वाद ठरलेला आहे. कुठे सांस्कृतिक भवन होतं, कुठे संग्रहालय. आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांची संग्रहालयं केंद्राच्या योजनेतून अनेक राज्यांत होत आहेत, रांचीचं 2021मध्ये उघडलं. एक बाजू म्हणते, काँक्रीट कशाला, कारवीची कुडं आणि कौलं हवीत. दुसरी विचारते, आदिवासींना जन्मभर कुडाच्याच घरात ठेवायचंय का? मला दुसऱ्या बाजूचा राग जास्त पटतो. पण दोघंही भांडतात ते इमारत दिसेल कशी यावर. तिथे वाजणार काय, कोण कुठून येणार, कोण कुठे थांबणार, हा विषय निघतच नाही.

इथल्या मराएवर, म्हणजे माओरी सभाघर आणि त्यापुढचं अंगण मिळून झालेल्या जागेत, पाहुण्याचं स्वागत होतं, त्याला पोफिरी म्हणतात. पाहुणे फाटकाशी थांबतात. घराच्या बाजूने एक बाई 'कारांगा' देते, म्हणजे लांबलेल्या सुरात साद घालते. पाहुण्यांतली बाई तशीच उत्तर देते. मग मंडळी सावकाश पुढे सरकतात, वाटेत मृतांच्या आठवणीसाठी थांबतात. समोरासमोर बसल्यावर भाषणं, आणि प्रत्येक भाषणामागून त्याच बाजूच्या लोकांचं गाणं. हे सगळं मोकळ्या अंगणात, घराच्या पुढ्यात. आता नकाशा काढा. फाटकापासून ओसरीपर्यंतचं अंतर साद माइकविना पोहोचेल एवढंच हवं. शेजारच्या रस्त्याची घरघर अडवली पाहिजे. मध्ये शोभेचं कारंजं बसवलंत तर त्या बाईचा आवाज तिथेच बुडेल. अंगणाभोवती काचेच्या सपाट भिंती उभ्या केल्या तर प्रतिध्वनी उत्तराच्या आधी येईल. एकही नक्षी न काढता निम्मी इमारत ठरून जाते.

साहित्य त्यानंतर येतं. वेलिंग्टनचं ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय 1998मध्ये उघडलं. त्याच्या चौथ्या मजल्यावर क्लिफ व्हायटिंग यांच्या नेतृत्वाखाली घडवलेलं मराए आहे. भडक रंगांचं, आणि त्यातल्या कोरीवकामासाठी चक्क एमडीएफसारखी कारखान्यातली फळी वापरलेली. आपल्याकडे यावर अग्रलेख पडले असते. पण तिथे पाहुणा येतो, साद घातली जाते, गाणं होतं. आपल्या देवळांनाही हे एकेकाळी कळत होतं. महाद्वारावरचा नगारखाना शोभेसाठी नव्हता, चौघडा गावभर जावा म्हणून तो उंचावर असायचा.

तारप्याचं बघा. भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण यांचं हे वाद्य भात तयार होण्याच्या दिवसांत खळ्यावर घुमतं. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती साखळीने, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही. साखळी कधी गुंडाळते, कधी उलगडते, ते वाजवणारा ठरवतो. हाच नाच भवनाच्या रंगमंचावर आला की काय होतं? पाहुणे एकाच बाजूला सोफ्यांवर, म्हणून वर्तुळाची रांग होते. तारपावाला कोपऱ्यात जातो, तोंडासमोर माइक येतो. नाचणाऱ्यांची तोंडं पालकमंत्र्यांकडे. तीन बाजूंनी बंद रंगमंचाने नाचाचा केंद्रबिंदूच हलवला, आणि हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. आराखडा नाट्यगृहाचा होता, एवढंच.

शिवाय 'आदिवासी भवन' एकच. 2011च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी नऊ टक्क्यांच्या वर, एक कोटीहून अधिक. जमाती पंचेचाळीसच्या आसपास. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा रात्री गावच्या रस्त्यावर चालतो. मुखवटे घातलेली सोंगं संबळाच्या तालावर नाचत येतात, लोक दोन्हीकडे बसतात. त्याला भवन नको, मोकळा रस्ता हवा.

इथे न्यूझीलंडमध्ये सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. काचेच्या मनोऱ्यावर माओरी वेलबुट्टीची फिल्म चिकटवून 'सांस्कृतिक रचना' म्हणून खपवणं इथेही चालतं. माओरी रचनाकारांची नेहमीची तक्रार अशी की त्यांना बोलावणं येतं तेव्हा फक्त दर्शनी भाग रंगवायचा उरलेला असतो. फरक पडला तो जमात स्वतः बांधणारी झाली तिथे. तूहोए जमातीने 2014मध्ये तानेआतुआत 'ते कुरा फारे' बांधलं. विटांसाठी माती त्यांची, विटा पाडणारे हातही त्यांचे. आपली वीज नि आपलं पाणी ती इमारत स्वतः सांभाळते. सरकारशी झालेल्या तडजोडीतून त्यांच्या ते उरेवेरा जंगलाला त्याच वर्षी कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. ही सौंदर्यदृष्टीतून आलेली गोष्ट नाही. पैसा, जमीन आणि नाही म्हणण्याचा हक्क त्यांच्या हातात आला होता.

'न्यूझीलंड लहान देश, आपलं वेगळं' हे मला प्रत्येक फोनवर ऐकवलं जातं. पण गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आपलंच आहे ना? 1980च्या दशकात तिथल्या गोंडांनी जंगलातलं लाकूड आणून गोटूल, म्हणजे गावातल्या तरुणांनी एकत्र जमण्याचं घर, उभारलं. वनखात्याने ते पाडलं. मग आसपासच्या गावांनीही गोटुलं बांधायचं ठरवलं आणि खात्याला नमतं घ्यावं लागलं. 2009मध्ये याच गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996चा, वनहक्क कायदा 2006चा, म्हणजे ग्रामसभेला बांधणारी करायला कायद्याचा पाया आहे. अडतं ते अंदाजपत्रकाशी. सारवलेली जमीन आणि दरवर्षी बदलायचं कूड कुठल्या रकान्यात बसवायचं, हा बांधकाम खात्याच्या अभियंत्यापुढचा खराखुरा प्रश्न आहे, त्यावर हसण्यात अर्थ नाही. दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च पहिल्याच दिवशी धरला तर तो सुटतोही.

पुढच्या भवनाची निविदा निघण्याआधी तारपावाला आणि धवलेरी यांना मानधन देऊन बैठकीला बसवावं, आणि 'इथे नको' हा त्यांचा शेरा इतिवृत्तात यावा. काही गावं म्हणतील, भवन राहू द्या, खळं सपाट करून द्या आणि नाचाच्या रात्री तो मोठा हॅलोजन विझवा. तर तेवढंच करावं. कोनशिला बसवायला जागा मिळणार नाही, ही अडचण आमदारसाहेबांनी सोसावी.