पेशीले जायचं काम नाही, काकाजी

हायकोर्टात दर पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, स्वतः हजर राहावं लागतं, हे खेड्यापाड्यात ज्याने कोणी पेरून ठेवलंय, त्याला एकदा मे महिन्यात दिवसभर सिव्हिल लाइन्सच्या फुटपाथवर बसवलं पाहिजे. डोकं फिरलंय आज. लांब लिहिणार आहे, वेळ नसेल त्यांनी पुढे जावं.

सकाळी स्टँडवर एक काकाजी पहिल्या नागपूर गाडीची वाट पाहत होते. धोतर, काठी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद आणि फडक्यात भाकर. कुठं चालले म्हटलं, तर म्हणे, "नागपूरले पेशी हाय हायकोर्टात. नाही गेलो तं केस खारीज होते म्हन्ते." वावर धरणात गेलेलं. खालच्या कोर्टाने दर वाढवून दिला, सरकार अपिलात गेलं, आणि तेव्हापासून बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) नाव लागलं की काकाजी नागपूरला. वकिलाच्या कारकुनाने बोलावलं म्हणून.

आता नीट वाचा. हायकोर्टातल्या फर्स्ट अपिलात (खालच्या कोर्टाच्या निकालावरचं पहिलं अपील) साक्षीपुरावा पुन्हा होत नाही. तो खालीच संपलेला असतो. खालून मूळ रेकॉर्ड मागवतात, त्यावर दोन्हीकडचे वकील बोलतात. तुम्ही मागच्या बाकावर बसा की घरी कापूस वेचा, फरक शून्य. आणि या प्रकरणात अपील सरकारचं आहे! खारीज झालंच तर सरकारचं अपील खारीज होईल, काकाजींचा वाढीव मोबदला पक्का होईल. ज्याची भीती घालून म्हाताऱ्याला गाडीत बसवलं, ते झालं तर त्याच्याच फायद्याचं. खरा धोका एकच: त्यांचा वकील त्या दिवशी उभा राहिला नाही, तर सुनावणी एकतर्फी होऊ शकते. म्हणजे हजर राहायचं ते वकिलाने.

मान्य, पक्षकार येत राहिला की वकीलही जागा राहतो. पण त्यासाठी मोबाईल आहे. केसचा नंबर घ्या, हायकोर्टाच्या वेबसाइटवर टाका, शेवटचा आदेश दिसतो. नवीन प्रकरणाला आधी स्टॅम्प नंबर पडतो आणि ऑफिसचे आक्षेप दूर झाले की रजिस्टर नंबर. शोधताना स्टॅम्प आणि रजिस्टर यातलं चुकीचं निवडलं तर प्रकरण सापडत नाही आणि माणूस समजतो फाईलच गहाळ झाली. गावातलं बारावीचं पोरगं हे पाच मिनिटांत करून देईल.

नागपूरचं हायकोर्ट आपल्यावर कोणी उपकार म्हणून दिलेलं नाही, हेही सांगून टाकतो. 1936 पासून इथे स्वतःचं हायकोर्ट होतं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते जबलपूरला गेलं, आपण विदर्भवाले मुंबईच्या हायकोर्टाला जोडले गेलो आणि नागपूरला खंडपीठ राहिलं. 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम 41 ने ते कायमचं केलं, किमान तीन न्यायमूर्ती इथे बसतीलच असं लिहून. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्हे. सिरोंच्याचा माणूस साडेतीनशे किलोमीटरच्या वर प्रवास करून येतो. म्हणून तर विनाकारण बोलावलेल्या फेरीचा मला इतका राग येतो.

आता पैशाचं. इथे सगळ्यात जास्त घोळ आहे. पुढचे आकडे 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याचे, काकाजींचं प्रकरण त्यातलंच.

खालच्या कोर्टाने दर वाढवला की वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज धावतं. सरकारला हायकोर्टात अपील करायला 90 दिवस. नुसतं अपील टाकलं म्हणजे स्टे मिळाला असं होत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं स्पष्ट आहे. म्हणून शेतकऱ्याने दरखास्त (निकालाप्रमाणे पैसे वसूल करून द्या असा खालच्या कोर्टातला अर्ज) लावायची. जप्तीची वेळ आली की सरकारी यंत्रणा जागी होते, उशीर माफीचा अर्ज जोडून नागपूरला धावते आणि स्टे मागते. कोर्ट साधारणपणे म्हणतं, आधी रक्कम जमा करा. रक्कम जमा झाली की आपल्याकडे लोक हातावर हात ठेवून बसतात, "पैसा कोर्टात सुरक्षित हाय" म्हणून. अहो, सुरक्षित आहे, पण ते 15 टक्के व्याज रक्कम कोर्टात भरल्याच्या तारखेपर्यंतच! पुढे मुदत ठेवीचं जे मिळेल ते. रक्कम ठेवीत गुंतवली नसेल तर तेही नाही. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारायचा: जमा किती झाले, कोणत्या तारखेला, आणि ठेवीत टाकले का?

आणि दुसरा: काढायचा अर्ज दिला का? अपील चालू असतानाही पैसे काढता येतात. बरेचदा काही हिस्सा हमीपत्रावर मिळतो (अपील उलटलं तर परत करीन असं लिहून द्यायचं) आणि उरलेला ऐपतदार जामिनावर. जामीनदाराचा ऐपतीचा दाखला तहसीलमधून काढावा लागतो. आधार, पॅन, पासबुक लागतं. अडतं कुठे, तर नावात. सातबाऱ्यावर एक नाव, निकालपत्रात दुसरं, आधारवर बापाचं नाव गाळलेलं. हे आधी जुळवून ठेवा, प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आदेश झाल्यावर धावपळ करण्यात महिने जातात.

काकाजींना मी हेच विचारलं. पैसे जमा आहेत का, माहीत नाही. अर्ज दिला का, माहीत नाही. एवढ्या फेऱ्यांमध्ये कोणी एका वाक्यात सांगितलं नाही. पिशवीत आदेशाची प्रत होती, इंग्रजीत. साक्ष मराठीत दिली, जमीन मराठी मुलखात, निकाल इंग्रजीत. राज्यघटनेच्या कलम 348 प्रमाणे हायकोर्टाची भाषा इंग्रजी. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारच्या हायकोर्टांत हिंदीला परवानगी मिळाली, मराठीला नाही. न्यायमूर्ती परप्रांतातूनही येतात, अडचण असते, ठीक आहे. पण निदान शेवटचा आदेशाचा परिच्छेद तरी पक्षकाराला मराठीत द्या की!

खरा संताप मात्र सरकारवर. खालच्या कोर्टात हरल्यावर मुदतीत कधी येत नाहीत. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, विधी विभागाची मंजुरी उशिरा आली, तीच ती कारणं. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोस्ट खात्याचा 427 दिवसांचा उशीर माफ करायला नकार देताना सांगितलं की मुदतीचा कायदा सरकारलाही लागू आहे. त्यानंतरही तेच चालू. शेतकरी मात्र दर वाढवून मागायच्या पहिल्या अर्जाची सहा आठवड्यांची मुदत चुकला की त्याची वाट बंद.

कोर्टाला सरसकट शिव्या घालू नका, तेही चूक आहे. मुंबई हायकोर्टात सगळ्या पीठांची मिळून मंजूर पदं 94, त्यातली रिकामी राहणारी वेगळीच. लोणारच्या सरोवराचा पाठपुरावा याच खंडपीठाने वर्षानुवर्षं केला. रोजचं बोर्ड पाहिलंत तर न्यायमूर्तींचीही कीव येईल.

तर ज्यांचं प्रकरण चालू आहे त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी, कारण या चुका भरून येत नाहीत. सरकारच्या अपिलाची नोटीस बेलीफाने हातात दिली आणि तुम्हालाही वाटतं की दर अजून वाढायला हवा होता, तर क्रॉस ऑब्जेक्शन (सरकारच्याच अपिलात आपली उलट हरकत) टाकायला नोटीस मिळाल्यापासून एक महिना असतो. पुढे उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तो कशाला करायची पाळी आणता. घरातला कर्ता वारला तर वकिलाला लगेच मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं द्या. वारस रेकॉर्डवर आल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि भावाभावांत भांडण असेल तर ते आधी गावात मिटवा. शेजाऱ्याने दावा लावला, तुम्ही लावला नव्हता, आणि त्याचा दर वाढून आला, तर एकाच अधिसूचनेतल्या जमिनीसाठी जुन्या कायद्याच्या कलम 28-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, निकालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.

2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याखालच्या प्रकरणात हिशेब वेगळा. तिथे हायकोर्टात अपिलाला 60 दिवस आणि कारण पटलं तर वरून आणखी 60, बस. जुन्या कायद्याचे 90 दिवस कोणी सांगितले तर ऐकू नका.

आणि वकिलाची फी झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथून अर्ज नागपूरच्या हायकोर्ट विधी सेवा उपसमितीकडे जातो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि बायांना उत्पन्नाची अट नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या नावावर आलेली कितीतरी घरं आपल्याकडे आहेत, त्यांना हे कोणीतरी जाऊन सांगा. अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका.