‘चित्रपट’ हे ‘फिल्म’चं भाषांतर नाही

‘चित्रपट हा फिल्म या शब्दासाठी पाडलेला नवा प्रतिशब्द’ हे सिनेमाच्या शब्दांवरच्या तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. ‘फिल्म’ म्हणजे मुळात पातळ त्वचा, पापुद्रा. पुढे फोटोग्राफीतल्या रसायनाच्या थराला ते नाव पडलं, मग रिळाला. ‘पट’ म्हणजे सरळ सरळ कापड. आणि ‘चित्रपट’ हा शब्द संस्कृतात सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे, चित्र काढलेलं कापड या अर्थाने. बंगालातले पटुए, म्हणजे पट रंगवणारे चित्रकार, चित्रांची गुंडाळी हळूहळू उलगडत, एकेका चित्रावर बोट ठेवत कथा गातात. म्हणजे ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा 1896 साली मुंबईत पोचला तेव्हा आपल्याकडे शब्दही होता आणि कल्पनाही. सोलापूरकराला तर हे वेगळं सांगायला नको. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर चादर विणताना लहानपणी तासन्‌तास बघितलंय : जकार्डचे, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राचे, भोकं पाडलेले पुठ्ठे एकेक करून पुढे सरकतात आणि कापडावर मोर ओळीओळीने उमटत जातो, आधी पाय, मग पिसारा. तोही उलगडत जाणारा चित्रपटच.

‘टॉकीज’ मात्र लेखात हवंच होतं. 1931 ला ‘आलम आरा’ आला, बोलपट सुरू झाले, आणि बोलणाऱ्या सिनेमाचं हे नाव आपण थेट इमारतीलाच देऊन टाकलं. आमच्याकडे आजही पिक्चर ‘टॉकीजला लागतो’ आणि ‘टॉकीज सुटली’ की रस्त्यावर गर्दी होते. मल्टिप्लेक्सला कुणी तसं म्हणत नाही, एवढंच.