नळ स्टॉपची फितुरी

टाटा मोटर्सचं इंजिन खातं गेली अकरा वर्षं मी सांभाळतोय. त्यांना हे माहीत नाही, पण त्यामुळे कामात काही अडत नाही. पगार नाही, मस्टर नाही, आणि डोक्यावर साहेब एकच, तो म्हणजे आमची ही. त्यामुळे जुन्या नोकरीपेक्षा फार वेगळंही वाटत नाही. बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची पाच वाहनकर्जाच्या टेबलावर. लोक पगाराच्या पावत्या जोडायला विसरायचे आणि मी त्यांना गाडीच्या माहितीपत्रकातलं इंजिनाचं पान मागायचो.

खात्याचं दप्तर म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोनशे पानी वही. कव्हरवर मी ठसठशीत 'टाटा' असं लिहिलं. हिला वाटलं, मीठ आणि चहाचा हिशेब. तिनं मागच्या बाजूनं किराण्याच्या याद्या सुरू केल्या. आता पुढून इंजिनं येतायत आणि मागून साबुदाणा. येत्या दिवाळीपर्यंत दोघांची गाठ पडेल असा अंदाज आहे.

मुळात ही कंपनी मला आवडायची ती तिच्या सरळ वागण्यामुळे. जुन्या इंजिनांची नावंच बघा. पहिला आकडा म्हणजे सिलिंडर किती, पुढचे दोन म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. १९९८ साली इंडिका आली तिचं डिझेल इंजिन ४७५, म्हणजे चार सिलिंडर, व्यास ७५. ट्रकमध्ये ६९७. नॅनोला २७३. नाव ऐकलं की पत्रिका समोर! आता नावं काय, तर रेव्होट्रॉन आणि क्रायोटेक. ऐकायला गोड, पण गोत्र कळत नाही. गाडीचं नाव म्हणाल तर सुमोसारखं असावं. सुमंत मुळगावकरांच्या नावातला 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगातला 'मो' घेऊन १९९४ साली ठेवलेलं. लोक मात्र अजून त्यात जपानी पैलवान शोधतात.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं की, घरात सोऱ्या एकच असतो. चकती बदलली की शेव, चकती बदलली की चकली, चकती बदलली की गाठी. शेवेला एक सोऱ्या आणि चकलीला दुसरा असं कुठल्या शहाण्या घरात असतं? मग इंजिनाचं तसं का नको? एक सिलिंडर नीट घोटून तयार करायचा, पाचशे सीसीचा. तीन जोडले की दीड लिटर, चार जोडले की दोन, सहा जोडले की तीन. बीएमडब्ल्यूवाले साधारण हेच करतात. पिस्टन तोच, व्हॉल्व तेच, साचे आणि यंत्रं बरीचशी तीच. मी आकडेसुद्धा काढले. व्यास ८४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर धाव, ९०, म्हणजे एक सिलिंडर ४९९ सीसीचा. ज्या रात्री हे जमलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हिलाही नाही, कारण मी दिवा लावून बसलो होतो.

दुसरा प्रश्न प्लॅटफॉर्मचा. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचं जोतं. तळ, चाकं जिथे धरली जातात त्या जागा, इंजिन आडवं बसणार की उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, ते. वरचा वाडा बदलता येतो, पण जोतं चुकलं की सगळं चुकलं. टाटांकडे आल्ट्रोझ आणि पंच यांच्या जोत्याला 'अल्फा' म्हणतात. हॅरियरच्या जोत्याचं नाव 'ओमेगा', ते लँड रोव्हरच्या डी८ वरून आलंय. ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. मधली बावीस माझ्यावर सोपवली आहेत असं मी धरून चाललोय.

एकदा जेवताना मी म्हणालो, "प्लॅटफॉर्म बदलल्याशिवाय काही खरं नाही."

ही इतकी खूश झाली की दुसरी पोळी न मागता वाढली. म्हणाली, "मी कधीची सांगतेय. काळा ग्रॅनाइट घ्या, आणि सिंकपाशी थोडा उतार द्या."

त्याच ओट्यावर एका दुपारी मी सहा सिलिंडरचं इंजिन मांडलं. लग्नात रुखवतात आलेल्या स्टीलच्या वाट्या मोजल्या तर नेमक्या ८४ मिलिमीटरच्या. योगायोग म्हणा किंवा सासऱ्यांची दूरदृष्टी म्हणा. सहा वाट्या ओळीत ठेवल्या, दोन वाट्यांमध्ये बोटभर जागा सोडली आणि हिच्या शिवणाच्या टेपनं मोजलं. साडेपाचशे मिलिमीटर नुसती भोकंच झाली! पुढे साखळी, पुली आणि मागे गिअरबॉक्स. हे सगळं बॉनेटखाली आडवं बसवायचं म्हणजे दोन चाकांच्या मधे मावायला हवं. मावत नाही. म्हणून इंजिन उभं हवं, आणि उभं म्हणजे जोतंच नवं हवं. हे मी मान्य करत असतानाच ही आत आली, तिनं दोन सिलिंडर उचलले आणि त्यात दही लावलं. उरलेल्या चारांत दोन लिटरचं इंजिन होत होतं म्हणून मी काही बोललो नाही.

खरा घाव घातला तो साडूंनी. आमचे साडू सीए आहेत. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण कर कळतो. एका रविवारी ते मिसळीला आले तेव्हा मी वही उघडली. त्यांनी तर्रीचा डाग पाडत पान वाचलं आणि विचारलं, "पेट्रोललाही हेच सिलिंडर?"

"हो तर! तीन सिलिंडर, दीड लिटर."

"मग गेलं की हो तुमचं. गाडी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत. डिझेलला पंधराशे. २००६ च्या बजेटपासून चाललंय हे. आता जीएसटीतही तेच. आत बसलात तर १८ टक्के, नाहीतर ४०."

मी वाटाणे मोजत बसलो. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला अभियांत्रिकी समजत होतो ते अर्थखातं होतं! गाडी चार मीटरला पाच-दहा मिलिमीटर कमी का असते, तर दिल्लीतल्या कुणीतरी फूटपट्टी धरलीय म्हणून. टाटांची इंडिगो सीएस २००८ साली आली तेव्हा तिची डिकी शेपूट कापल्यासारखी का दिसायची, तेही त्या मिसळीवर उलगडलं. आपल्याकडे इंजिनाचं पोट इंजिनिअर ठरवत नाही, बजेट ठरवतं. माझं तीन सिलिंडरचं डिझेल १४९६ सीसीचं, ते चार सीसींनी वाचत होतं. पेट्रोल मात्र सपशेल बुडालं होतं.

दोन सिलिंडर लावले तर हजार सीसी होतात, पण थरथर इतकी की आरशात मागचा माणूस चौघांसारखा दिसेल. सिलिंडर लहान केला तर डिझेलचा वेगळा आणि पेट्रोलचा वेगळा, म्हणजे घरात दोन सोऱ्ये. तीन आठवडे मी कुणाशी नीट बोललो नाही. हिनं बीपी तपासून घेतलं.

आणि मग एका पहाटे एआरएआयच्या टेकडीवर चढताना सुचलं. (जागाही बघा. १९६६ पासून देशभरच्या गाड्यांची परीक्षा घेणारी संस्था त्या टेकडीवर आहे. अर्धं कोथरूड तिथे गुडघे सांभाळत फिरतं आणि कुंपणापलीकडे इंजिनं ओरडत असतात.) व्यास बदलायचाच नाही! फक्त स्ट्रोक कमी करायचा. पिस्टन खालीवर ९० मिलिमीटर जातो तो ७२ च जाऊ द्यायचा. ८४ बाय ७२. एक सिलिंडर ३९९ सीसी, तीन मिळून ११९७! पिस्टनची धाव ठरवणारा क्रँक वेगळा, पण भोकं तीच, भोकांमधलं अंतर तेच, यंत्रं तीच. सोऱ्या एक, चकती वेगळी. स्ट्रोक आखूड म्हणून खालच्या गतीला ओढ कमी पडेल, तर जास्तीची हवा कोंबणारा टर्बो लावा. मी तिथेच दगडावर बसलो. एका बाईंनी "पाणी देऊ का?" असं विचारलं.

आता हे कंपनीला कळवायचं कसं? पत्रं मी पूर्वी लिहिली होती, कुठल्या कंपनीला ते सांगत नाही. आभाराचं एक छापील उत्तर आलं, सोबत नव्या गाडीवर दिवाळीची सवलत.

पण पुण्यात राहण्याचा एक फायदा आहे. इथे उद्याच्या गाड्या आजच रस्त्यावर फिरतात. काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या पट्ट्यांमध्ये गुंडाळलेल्या, बोहल्यावर चढण्याआधी हळद लावून गावभर हिंडणाऱ्या नवरीसारख्या. मागच्या मंगळवारी मी स्कूटरवरून नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा होतो आणि अशी एक गाडी अगदी शेजारी येऊन थांबली. लाल पाटी, पांढरी अक्षरं, एमएच १४. चौदा म्हणजे पिंपरी, म्हणजे टाटांचा कारखाना! सिग्नलवर ९४ सेकंद शिल्लक होते.

मी काचेवर टकटक केलं. आत तिशीतला एक ड्रायव्हर, डोळे तारवटलेले. त्यानं काच चार बोटं खाली घेतली.

"काका, फोटो नका काढू. वरून बोलणी बसतात."

"फोटो नाही हो. एक निरोप द्या तुमच्या साहेबांना. चौऱ्याऐंशी बाय बहात्तर."

"काय?"

"व्यास चौऱ्याऐंशी. डिझेलला स्ट्रोक नव्वद, पेट्रोलला बहात्तर. एकाच लाइनवर दोन्ही. लिहून घेता का?"

"गाडी चालवतोय, काका."

"थांबलीय की गाडी."

त्यानं सिग्नलकडे बघितलं. ७१. मग मी सोऱ्या सांगितला. चकत्या सांगितल्या, बाराशेची मर्यादा सांगितली, सहा सिलिंडरसाठी उभं जोतं सांगितलं. मागे एक रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकायला लागला. ड्रायव्हर सगळं ऐकून घेत होता, ऐकून घेण्याशिवाय त्याला उपायही नव्हता. मध्येच म्हणाला, "काका, आमाला काय इचारत न्हाईत ओ. खंबाटकी उतरायची, सातारा गाठायचं, परत यायचं. किलोमीटर भरायचे. मला इचाराल तर एकच सांगतो. ही एक लिटरची बाटली बसंना कुठं. दिवसभर पायाखाली लोळतीय. ब्रेकखाली गेली म्हंजे?"

"ते बारीकसारीक नंतर बघू. आधी इंजिन."

"बरं."

सहा सेकंद राहिले. मी घाईनं म्हणालो, "पिंपरीत सांगा, कोथरूडहून निरोप आहे म्हणून."

त्यानं काच वर घेता घेता सांगितलं, "पिंपरी न्हाई ओ काका. आमी चाकणचे."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. मी तिथेच उभा.

चाकणचाही नंबर चौदाच! आणि चाकणला एक का कंपनी आहे? अकरा वर्षांचं खातं, दोनशे पानांची वही, ते ११९७ चं गुपित, सगळं मी ९४ सेकंदांत गनिमाच्या हवाली केलं होतं. सूर्याजी पिसाळाला निदान वतनाची आशा होती. मला चार बोटं काचेची फट मिळाली.

रात्री जेवण गेलं नाही. साडूंना फोन केला. ते म्हणाले, "काळजी करू नका. त्या ड्रायव्हरला आठवत असेल तर बाटलीच आठवत असेल." हे सांत्वन होतं की अपमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा हिच्या बहिणीला गाडी बघायची म्हणून आम्ही सगळे एका शोरूममध्ये गेलो. कुठल्या ते विचारू नका. मी माहितीपत्रकाचं मागचं पान उघडलं आणि गार पडलो. टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर, ११९७ सीसी.

"हे इंजिन," मी सेल्समनला दबक्या आवाजात विचारलं, "कधी आलं?"

"झाली की सर काही वर्षं."

म्हणजे मी सांगायच्या आधीच त्यांनी ते ढापलं होतं! साडू शेजारी उभे राहून ऑन रोड किंमत मोजत होते. ही पुढच्या सीटवर बसली होती. पर्समधून तिनं पाण्याची बाटली काढली, दाराच्या कप्प्यात घातली, दार दोनदा उघडून मिटून बघितलं आणि काचेतून मला खूण केली.

"बसली हो!"