उष्माघात झाला की आधी अंगावर पाणी ओता, मग गाडीत घाला

तो मेसेज आज पुन्हा आला. घरच्याच ग्रुपवर, वर हात जोडलेले, खाली ‘जनहितार्थ’. ४५ डिग्रीत थंड पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर हातपाय धुऊ नका, अर्धा तास थांबा. पुरावा काय, तर कुणा डॉक्टरचा मित्र पाय धुवायला गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर कोण, गाव कोणतं, काही पत्ता नाही. आणि खाली सतरा जणांचे अंगठे, त्यात दोन शिक्षक आणि एक मेडिकलवाले.

थंड पाण्याने रक्तवाहिनी फुटत नाही. माठाचं असो की फ्रिजचं, घोटभर पाणी पोटात गेलं की थोड्या वेळात कोमट होतं. बर्फाचं पाणी गटागट प्यायलं तर कपाळात कळ जाते, एखाद्याला क्षणभर गरगरतं, बरं, तेवढं मान्य. पण ‘हातपाय धुऊ नका’ हे नुसतं खोटं नाही. ऐन वेळी हे वाक्य माणूस मारू शकतं. असला मेसेज पुढे ढकलताना अंगठा जरा तरी अडखळायला हवा की नाही?

मागच्या मे महिन्यातली, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडची गोष्ट. केळीची गाडी भरत होते. पोरगं पुण्याला कंपनीत कामाला, लग्नसराईसाठी गावी आलेलं, चार पैसे मिळतील म्हणून दुसऱ्याच दिवशी घड उचलायला गेलं. दुपारी एकच्या सुमारास ते काहीबाही बरळायला लागलं, पाय लटपटले आणि खाली बसलं. बाजूला बोअरची मोटर चालू, पाइपातून धो धो पाणी पडतंय. एकाने बादली उचललीसुद्धा. तेवढ्यात दुसरा ओरडला, “पानी नका टाका रे, नस फुटी जाई!” बादली खाली ठेवली गेली. मग तळपायाला कांदा चोळला, पॅरासिटामॉलची गोळी पाण्यासोबत तोंडात कोंबली आणि दवाखान्यात न्यायला गाडी येण्याची वाट बघितली. पोरगं वाचलं. पण आजही चालताना त्याचा तोल जातो आणि बोलताना जीभ जड होते. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा. त्यातल्या पेशी उष्णतेला फार हळव्या असतात. त्या एकदा भाजल्या की परत येत नाहीत.

उष्माघातात ताप किती चढला याहून तो किती वेळ चढलेला राहिला हे जास्त महत्त्वाचं. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस भ्रमिष्टासारखं वागायला लागला की घड्याळ सुरू झालं समजा. अर्ध्या तासात ते ३९ च्या खाली आणायचं. म्हणून खेळाडूंवर उपचार करणाऱ्यांचा नियमच आहे: आधी गार करा, मग हलवा. अमेरिकेत फाल्मथ नावाच्या गावी भर उन्हाळ्यात धावण्याची शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण, सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं, आणि २७४ च्या २७४ जगले. एकाचीही नस फुटली नाही.

आता कुणी म्हणेल, बागेत बर्फ कुठून आणणार? नकोच. २००८ सालच्या एका प्रयोगात तापलेल्या माणसांना २६ अंशांच्या पाण्यात बसवलं, तर १४ अंशांच्या पाण्याच्या तुलनेत गार व्हायला अगदी थोडाच वेळ जास्त लागला. आपल्या विहिरीचं, खोल बोअरचं पाणी साधारण २६ च्याच आसपास असतं. फक्त पाइपातलं पहिलं पाणी आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चहाइतकं तापलेलं असतं. ते आधी वाहू द्या, हाताला गार लागलं की मग ओता.

आणि ताडपत्री! केळीच्या गाडीवर ताडपत्री असतेच. लष्करात आणि मैदानांवर हीच युक्ती शिकवतात. माणसाला सावलीत ताडपत्रीवर निजवायचं, बूट आणि सदरा काढायचा. चौघांनी कडा उचलून खोळ करायची, चार-पाच बादल्या पाणी आत ओतायचं, बर्फ मिळाला तर तोही टाकायचा आणि पाणी सतत हिंदकळवत ठेवायचं. स्थिर पाण्यात अंगाभोवतीचा थर लगेच कोमट होतो आणि मग अंग गार होणं मंदावतं. एकाने डोक्याकडे बसून काखेखालून धरायचं, तोंड पाण्यावर ठेवायचं. उलटी झाली तर कुशीवर वळवायचं. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, ते फुफ्फुसात जातं. हे चालू असताना दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. माणूस नीट बोलायला लागला किंवा अंगावर शहारे यायला लागले की थांबायचं. शुद्ध आली नाही तरी गाडी येईपर्यंत पाणी चालूच. गाडीतही ओली चादर अंगावर आणि खिडक्या उघड्या.

पॅरासिटामॉल का नाही? साध्या तापात मेंदूच आतला काटा वर सरकवतो, गोळी तो काटा खाली आणते. उष्माघातात काटा जागेवरच असतो, उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा कोलमडलेली असते. गोळीला करायला काही कामच नाही, वर आधीच होरपळलेल्या यकृतावर भार. आणि ‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हेही डोक्यातून काढा. काम करताना कोसळणारा माणूस बहुतेक वेळा घामाने निथळत असतो. त्या पोराचा सदरा पिळला असता तर पाणी निघालं असतं, आणि तेवढ्यावरून सगळे म्हणाले, घाम येतोय म्हणजे काही नाही.

बादली थांबवणाऱ्या माणसावर राग काढून काय उपयोग? त्याने मोबाईलवर जे वाचलं ते केलं, जीव वाचवायलाच केलं. राग आहे तो ‘संशोधनातून उघड’ असं शीर्षक देऊन कॉफी, चॉकलेट आणि रेड वाइनवर पाऊण पान छापणाऱ्यांवर. उन्हावरचं खरं संशोधन गेल्या काही वर्षांत धो धो बाहेर पडलंय, आणि ते जणू आपल्या भुसावळ-जळगावसाठीच केलेलं आहे. ते कुठल्या पानावर छापलं?

पंख्याचंच घ्या. सिडनी विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली १२ धडधाकट पुरुषांना तापवलेल्या खोलीत दोन-दोन तास बसवलं. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रता, म्हणजे मुंबईसारखी चिकचिक, तिथे पंख्याने फायदा झाला. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रता असताना पंख्यामुळे शरीराचं तापमान आणि हृदयावरचा ताण उलट वाढला. कारण सोपं आहे. त्वचा असते ३५ अंशांच्या आसपास. त्याहून गरम हवा अंगावर मारली की ती उष्णता आत घालते. दमट हवेत पंखा न वाळणारा घाम वाळवतो, म्हणून तो सौदा परवडतो. कोरड्या हवेत घाम पंख्याशिवायच झटक्यात वाळलेला असतो. मग पंखा फक्त भट्टीची हवा घालत राहतो.

त्याच गटाने पुढे म्हाताऱ्यांवर आणि हृदयरोग्यांवर प्रयोग केले. त्यात एक हवामान ठेवलं होतं ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता. ही मे महिन्यातली आपल्याकडची दुपारच झाली! कोरड्या अंगावर पंखा: तोटा. नुसतं अंग ओलं ठेवणं: ताण कमी, घामावाटे जाणारं पाणीही कमी. त्यांच्याच २०२१ च्या हिशेबाप्रमाणे तरुणांना सुमारे ३९ अंशांपर्यंत, म्हाताऱ्यांना ३८ पर्यंत आणि घाम कमी करणारी औषधं चालू असलेल्या म्हाताऱ्यांना ३७ पर्यंत पंखा चालतो. २०२४ साली ओटावातल्या संशोधकांनी तर ३६ अंशांच्या खोलीत म्हाताऱ्यांना आठ तास बसवून दाखवलं की पंख्याने शरीराचं आतलं तापमान उतरत नाही. बरं वाटतं, एवढंच. हे प्रयोग परदेशातल्या मूठभर लोकांवर झालेत, आपलं अंग उन्हाला जास्त सरावलेलं आहे, हे मला माहीत आहे. म्हणून आकडा एखाद्या अंशाने सरकेल. त्वचेपेक्षा गरम हवा उष्णता आतच घालते, हे सिडनीत तसंच धरणगावात.

म्हणून पत्र्याच्या घरात आजी खाटेवर पडलेली आणि वर पंखा पाचवर, हे चित्र मला बघवत नाही. भिंतीवर साधा थर्मामीटर लावा. आकडा ३८ च्या वर गेला की पंचा पिळून मान, छाती, दंड, पोटऱ्या ओल्या करा, वाळायच्या आत परत करा. मग पंखा मंद ठेवला तरी चालेल. अंग ओलं नसेल तर बंद केलेला बरा.

कूलर मात्र आपल्या हवेसाठीच जन्मलेलं यंत्र आहे. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला बाष्पीभवनाची तळरेषा, म्हणजे पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते तो आकडा, २४ च्या आसपास येते, त्यामुळे नीट चालणारा कूलर ३०-३१ अंशांची हवा फेकतो. नीट चालणारा! आपल्याकडे बोअरचं पाणी जड, गवताच्या जाळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो, वरच्या पन्हळीची भोकं बुजतात, अर्धी जाळी कोरडी राहते आणि कोरड्या भागातून सरळ लू आत येते. दर उन्हाळ्यात जाळी बदला, मधे एकदा पन्हळीची भोकं तारेने मोकळी करा. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. सगळं बंद केलं की तासाभरात खोली दमट होते आणि कूलर नुसता आवाज करतो. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासा, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि ती भिंतीला चिकटलेली असतात.

परत त्या पोराकडे येतो, कारण तिथे एक गोष्ट कांद्या-पाण्याच्याही आधी चुकली होती. त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाचं काम दिलं. शरीराला उन्हात राबायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. ही सवय महिनाभर बसून काम केलं की विरघळते. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम फक्त २० टक्के, मग रोज २० टक्क्यांनी वाढवा. तिथे उन्हाने मरणाऱ्या कामगारांतले बहुतेक पहिल्याच आठवड्यातले असतात. कोणता मुकादम हे ऐकेल? गाडी वेळेवर भरायची असते, दिल्लीचा व्यापारी फोनवर फोन करतो, हे खरंच आहे. पण पहाटे लवकर सुरू करून अकराला उभं काम थांबवणं, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, एवढ्याने कुणाचं दिवाळं निघत नाही. तहान लागायची वाट बघू नका. पण तासाला दीड लिटरच्या वरही ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरून वेगळंच संकट येतं. केळीच्या बागेत तर आणखी फसगत. झाडांच्या आत सावली असते म्हणून गार वाटतं, पण तिथली हवा ओलसर, घाम वाळत नाही, अंग आतून तापत जातं. आणि तापलेलं अंग घेऊन माणूस घड डोक्यावर ठेवून उन्हात गाडीपर्यंत जातो.

ओआरएसची पुडी २०.५ ग्रॅमची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी टाकून पोरांना पाजतात, ते चुकीचं. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब होतात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. खोक्यातल्या गोड सरबतांवर ओआरएस छापायला २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी आली, तरी दुकानदार सवयीने तेच पुढे करतो. पुडीवरचे घटक वाचा.

कांदा खा, खिशात ठेवा, वास घ्या, काही बिघडत नाही. कैरीचं पन्हं उत्तम, त्यात मीठ आहे. डोक्याला उपरणं तर हवंच, आणि ते ओलं असेल तर बापजाद्यांनी सिडनीच्या आधीच प्रयोग केला होता असं म्हणा. पण माणूस बरळायला लागला की कांदा सोडा आणि बादली उचला.

घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी या आठवड्यात एकदा डॉक्टरांपुढे उघडा. बीपीसाठी लघवी जास्त करवणारी गोळी शरीरातलं पाणी कमी करते, हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी तापलेल्या अंगाला लागणारा रक्तपुरवठा अडवते, मानसिक आजाराच्या आणि लघवी धरून ठेवण्याच्या काही गोळ्या घाम कमी करतात, लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडताच त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. फक्त विचारा, “उन्हाळ्यात हीच मात्रा ठेवायची का?” आणि कोणती गोळी घाम थांबवते ते चिठ्ठीवर लिहून घ्या.